शिपाई आणि रयत : शिवचरित्राचे एक उपेक्षित अंग

शिवछत्रपतींचे चरित्र मराठी माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. परप्रांतात वाढलेल्या आमच्या मुलांना शाळेत मराठी शिकण्याची सोय नसली, तरी अफजलखानाचा वध, लाल महालावरील छापा आणि आग्र्याहून सुटका हे तीन प्रसंग तोंडपाठ असतात. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी ठिकठिकाणच्या मराठी मंडळांनी नेमाने चालविलेल्या शिवजयंतीच्या उत्सवांना आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी महाराजांवर लिहिताना हे तीन प्रसंग पुन्हा सांगण्यापेक्षा, ज्यावर नाटुकले बसविता येत नाही आणि ज्यात तलवार म्यानाबाहेर पडत नाही, असा एक विषय वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले. तो विषय म्हणजे महाराजांचा शिपाई आणि महाराजांची रयत यांचा शेजार. फौज वर्षातून थोडेच दिवस लढते. उरलेले दिवस ती कोठेतरी राहते, घोडी बांधते, चूल पेटविते, जेवते. ती कोणाच्या दारात राहते आणि कोणाचे खाते, या प्रश्नाच्या उत्तरावरून राज्याची पारख होत असते. महाराजांनी हा प्रश्न कसा सोडविला आणि त्यांच्या मागे तो पुन्हा कसा चिघळला, हे येथे सांगावयाचे आहे.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. दख्खनच्या रयतेच्या दृष्टीने तो काळ अत्यंत कठीण होता. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि दख्खन या दोन्ही प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. निजामशाही मोडकळीस आली होती आणि तिच्या मुलखावर मोगल व आदिलशाही फौजांच्या फेऱ्या चालू होत्या. शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे गावावर विजापूरकरांची फौज आली, तिने गाव जाळले आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरविला, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. त्या काळी फौजा पोसण्याची सर्वसाधारण रीत ठरलेली होती. सरदाराला जहागीर लावून दिलेली असे. त्या उत्पन्नातून त्याने स्वार बाळगावेत, आणि उत्पन्न कमी पडले म्हणजे स्वारांनी वाटेतल्या गावांवर आपली सोय पाहावी. आलेली फौज शत्रूची की धन्याची, या भेदाला कुणब्याच्या लेखी फारसा अर्थ नव्हता. दोघांच्याही घोड्यांना गवत लागे, दोघांच्याही चुलींना लाकूड लागे, आणि दोघेही ते त्याच्याच परड्यातून उचलीत. फौज येत असल्याची वार्ता लागली की गुरेढोरे व लेकरे घेऊन डोंगर जवळ करणे, हा मावळातील माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होऊन बसला होता.

अशा उजाड मुलखात बाल शिवाजीराजे जिजाबाईंसह येऊन राहिले. ओस पडलेल्या गावी लोकांना परत आणून बसविणे, पडीक जमीन लावून घेणे, पहिली काही वर्षे सारा हलका ठेवून पुढे तो हळूहळू चढविणे, हे काम जहागिरीचे कारभारी त्यांच्या डोळ्यांदेखत करीत होते. राज्य म्हणजे प्रथम वस्ती, आणि वस्ती म्हणजे निर्भय कुणबी, हा धडा त्यांस लहानपणीच मिळाला असला पाहिजे. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केल्याचे सिद्ध झाले, तेव्हा त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा देण्यात आली. त्या वेळी राजांना सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. आजच्या दृष्टीला ही शिक्षा क्रूर वाटेल; परंतु तिच्यातील आशय त्या काळच्या मुलखाला तत्काळ उमगला. अधिकाराच्या जोरावर रयतेच्या घरात शिरणाऱ्याची या राज्यात गय होणार नव्हती.

पुढील पंधरा-वीस वर्षांचा इतिहास वाचकांस परिचित आहे. तोरणा हाती आला, राजगड उभा राहिला, १६५६ मध्ये जावळी घेतली गेली, १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान पडला. पाठोपाठ मे १६६० मध्ये बादशहाचा मामा शाइस्ताखान पुण्यात येऊन लाल महालात राहिला. ज्या वाड्यात राजांचे बालपण गेले, तेथे शत्रूच्या सेनापतीचा जनानखाना आला आणि भोवतालच्या गावात त्याच्या फौजेचा तळ पडला. हा मुक्काम थोडाथोडका नव्हे, तीन वर्षांचा झाला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा छापा आपण शौर्यकथा म्हणून सांगतो, आणि ती शौर्यकथा आहेच. परंतु या तीन वर्षांत मावळातील गावांनी काय सोसले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

तो विचार महाराजांनी मात्र केला होता. ऑक्टोबर १६६२ मध्ये त्यांनी रोहिडखोऱ्याचे देशमुख सर्जेराव जेधे यांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. मोगलांची फौज त्या बाजूस येणार अशी खबर होती. महाराजांनी देशमुखास कळविले की, गावोगाव हिंडून रयतेला, बायकामुलांसह, घाटाखाली शत्रू पोहोचणार नाही अशा जागी हलवावे आणि या कामात घटकेचाही विलंब लावू नये. हयगय झाली आणि लोक शत्रूच्या हाती सापडले, तर त्याचे पाप देशमुखाच्या माथी बसेल, असेही त्यांनी बजावले. रयत वाचविणे हे लढाईच्या कामातलेच एक काम आहे, ही समजूत या पत्राच्या मुळाशी आहे.

१६६५ मध्ये मिर्झा राजा जयसिंग आला तो ही गोष्ट ओळखूनच. एकीकडे पुरंदरचा वेढा चालू ठेवून त्याने दुसरीकडे राजगड, सिंहगड व रोहिडा या किल्ल्यांच्या आसपासची गावे जाळण्यासाठी स्वतंत्र टोळ्या पाठविल्या. जून महिन्यात तह झाला, तेवीस किल्ले गेले, आणि पुढच्या वर्षी आग्र्याचा प्रवास घडला. १२ मे १६६६ रोजी दरबारात झालेला अपमान, पहाऱ्यातील तीन महिने आणि १७ ऑगस्टची सुटका यांचा विस्तार येथे करीत नाही. आग्र्याहून परतल्यावर महाराजांनी दोन-तीन वर्षे मोठी लढाई टाळली आणि राज्याची घडी बसविण्याकडे लक्ष दिले, एवढे मात्र नमूद करावयास हवे.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. महाराजांच्या फौजेने परमुलखात लूट केली. जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत लुटली गेली. पहिल्या वेळी शहराचा मोठा भाग जळाला, आणि दडविलेले द्रव्य बाहेर काढण्यासाठी धनिकांना यातना सोसाव्या लागल्या. शाइस्ताखानाने तीन वर्षे केलेल्या नासाडीची भरपाई बादशाही बंदरातून करून घेणे, असे महाराजांच्या बाजूचे समर्थन होते. त्या काळच्या राजनीतीत ते मान्य होण्याजोगे असले, तरी सुरतेच्या नागरिकाला ते पटण्याचे कारण नव्हते. तथापि लुटीलाही त्यांनी मर्यादा घातल्या होत्या. कापुचिन पाद्री फादर अँब्रोझ यांचे घर सुरक्षित राहिले. महाराजांबद्दल ज्याच्या लेखणीतून शिव्याशापच अधिक उतरतात, तो मोगल इतिहासकार खाफीखान हाही मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपसर्ग न देण्याचा त्यांचा दंडक होता, हे मोकळ्या मनाने मान्य करतो.

अशी मर्यादा केवळ उपदेशाने पाळली जात नाही. उपाशी शिपायाला नीती सांगून उपयोग नसतो, हे महाराज पुरते जाणत होते. म्हणून शिस्तीचा पाया त्यांनी पगारात घातला. कृष्णाजी अनंत सभासद यांनी पुढे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून दूर जिंजी येथे बसून बखर लिहिली. तीत या व्यवस्थेचा तपशील आला आहे. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा आणि सरकारचा पगार खाणारा तो बारगीर. सरकारी घोड्यांची जी पागा, तिच्यावर महाराजांचा विशेष भर होता, कारण बारगीर पूर्णपणे सरकारच्या ताब्यात राही. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी चढती रचना होती. पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरविणारा एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. जुमलेदाराला सालीना पाचशे होन, हजारीला हजार होन, असे वेतन ठरलेले होते. हे वेतन खजिन्यातून मिळे. पगारापोटी गावे तोडून देण्याची जुनी चाल महाराजांनी बंद केली. कारण गाव शिपायाच्या हाती गेले, की रयतेचा खरा धनी शिपाईच होतो.

फौजेचे वर्षही आखलेले होते. दसऱ्याला कूच करावे, आठ महिने बाहेर राहावे आणि वैशाखात परत येऊन पावसाळ्यात छावणी करावी. छावणीच्या जागी घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि गवती छपरे आधीच तयार ठेवावीत. निघताना प्रत्येक माणसाजवळ काय आहे याची यादी व्हावी आणि परतल्यावर झडती होऊन अधिक सापडेल त्याचा हिशेब द्यावा लागावा. फौजेबरोबर बायको, बटीक किंवा कलावंतीण नेण्यास सक्त मनाई होती; मोडणाऱ्याला देहान्त शिक्षा होती. शत्रूच्या मुलखातही स्त्रिया व मुले धरू नयेत, गाईला हात लावू नये, बैल ओझ्यासाठी घ्यावा लागल्यास तेवढाच घ्यावा, असे नियम होते.

या सर्व व्यवस्थेमागील मनाचे दर्शन ज्यात घडते, असे एक पत्र इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत प्रसिद्ध केले. ते राज्याभिषेकाच्या तोंडावरच्या काळातील असून चिपळूणजवळ मुक्काम असलेल्या पागेचे जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे. पत्राचा प्रसंग अगदी साधा आहे. लष्कर काही काळ चिपळुणास राहिले होते. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी जमविलेला दाणागोटा त्या मुक्कामात बराचसा खर्च झाला. आसपासच्या गावांनाही गवताची व इतर वस्तूंची तोशीस लागली. उन्हाळा संपत आलेला. घाटावर जाण्याचे दिवस राहिले नव्हते. महाराजांनी निरनिराळ्या किल्ल्यांवरून आणि कारकुनांकडून असेल नसेल ते धान्य गोळा करून पागेची कशीबशी तरतूद केली, आणि मग हे पत्र धाडले.

पत्रात ते प्रथम हिशेबाची गोष्ट सांगतात. साठा आहे तोवर हवे तेवढे मागून घोड्यांना चाराल, तर भर पावसात काहीच मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग शिपाई गावात हिंडू लागतील. एक जण कुणब्याच्या घरून धान्य आणील, दुसरा भाकरी, तिसरा गवत, चौथा जळण, पाचवा भाजी. प्रत्येकाची वस्तू क्षुल्लक, परंतु त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे जे शेतकरी कसाबसा जीव धरून घरात टिकून आहेत, तेही गाव सोडतील. पुढचा विचार तर स्वतःच्या फौजेला सांगण्यास फार मोठे मन लागते. लोकांना वाटेल की, मोगल आले तेव्हाही इतका त्रास झाला नव्हता. आणि त्यांचे शिव्याशाप तुम्हांस लागतील.

म्हणून त्यांची आज्ञा अशी की, कोणीही रयतेला यत्किंचितही उपद्रव देऊ नये आणि नेमून दिलेली जागा सोडून गावात पाऊल टाकू नये. प्रत्येकाच्या पदरी खजिन्यातून पैसा पडलेला आहे. तेव्हा दाणा, वैरण, लाकूड, भाजी, जे लागेल ते बाजारात जाऊन रीतसर दाम देऊन आणावे. कारकून बेताने जेवढा शिधा देतील तेवढा घ्यावा. त्यांच्याशी हुज्जत घालू नये आणि कोठारात घुसू नये.

यानंतर पत्राला एक वेगळेच वळण लागते. दिवस उन्हाळ्याचे, छपरे गवताची. कोणी शेकोटी करील, कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. वारा सुटला म्हणजे एका छपराची आग सगळ्या छपरांना आणि गवताच्या गंजींना लागेल. मग शेतकऱ्यांना कितीही धाक घातला तरी नव्या छपरासाठी एक लाकूडसुद्धा मिळणार नाही. यास्तव अधिकाऱ्यांनी स्वतः फिरत राहून चुलींवर, शेकोट्यांवर आणि रात्रीच्या दिव्यांवर नजर ठेवावी. एखादा उंदीर दिव्यातली जळती वात ओढून नेईल, एवढी शक्यतादेखील महाराजांनी लिहून ठेवली आहे. पत्राच्या अखेरीस ताकीद आहे. ज्याच्या हातून कसूर होईल त्याची मराठा म्हणून अब्रू राहणार नाही, मग नोकरीची गोष्ट तर दूरच.

राज्याभिषेकाची तयारी ज्या काळात चालली होती, त्याच काळातले हे पत्र आहे. बत्तीस मणांच्या सिंहासनाची कथा आपण कौतुकाने सांगतो. परंतु त्या सिंहासनावर बसणाऱ्या पुरुषाला कोकणातल्या एका छावणीतील उंदराची काळजी होती, ही गोष्ट आम्हांस सिंहासनाहून मोलाची वाटते. कुणब्याचे धान्य, पागेची घोडी आणि शिपायाची अब्रू या तीन गोष्टी वेगळ्या नाहीत. एक बुडाली की तिन्ही बुडतात, हे त्यांनी कोणताही ग्रंथ न लिहिता एका सरकारी पत्रात सांगून टाकले.

त्याच शतकात युरोपातही हाच प्रश्न धगधगत होता. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीतील शेतकरी सर्वच पक्षांच्या फौजांनी भरडून काढला. इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स याचे शिपाई लोकांच्या घरी उतरविले जाऊ लागले, तेव्हा तेथील पार्लमेंटने १६२८ मध्ये राजापुढे जो हक्कांचा अर्ज ठेवला, त्यात या जुलमाविरुद्धची तक्रार समाविष्ट होती. तेथे प्रजेने राजाला अडविले. येथे राजाने आपण होऊन स्वतःच्या फौजेला अडविले. या फरकाचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु त्याच फरकात आपले एक दुर्दैवही दडलेले होते, ते पुढे दिसून येईल.

शिपायाने घ्यावयाचे नाही, तर कोणीतरी त्याला वेळेवर दिले पाहिजे. या बाबतीत महाराज आपल्या मुलकी अधिकाऱ्यांनाही सोडीत नसत. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध पद्मदुर्गाच्या बाजूने आरमाराची मोहीम चालू असताना प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांनी नेमलेली रसद पोहोचविली नाही. जानेवारी १६७५ च्या पत्रात महाराजांनी त्यांची इतकी कडक हजेरी घेतली की, तुम्ही शत्रूलाच सामील आहात की काय, असा संशय बोलून दाखविला. ब्राह्मण म्हणून मुलाहिजा राखला जाणार नाही, हेही बजावले. सप्टेंबर १६७६ मध्ये त्याच प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात दुसरी बाजू दिसते. गावोगाव जाऊन कुणबी गोळा करावेत. ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसे, ज्याला खावयास नाही त्याला धान्य द्यावे. ते व्याज न लावता, त्याची ऐपत होईल तसतसे वसूल करावे. आरमारासाठी लाकूड तोडतानाही आंबा-फणसासारखी झाडे जबरीने तोडू नयेत, जीर्ण झालेले झाड धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, हा दंडक रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात नमूद केला. लहानपणापासून लेकरासारखे वाढविलेले झाड तोडल्याने शेतकऱ्याच्या जिवाला काय वाटेल, याची जाणीव त्यामागे आहे.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. अकराच दिवसांनी जिजाबाईंनी देह ठेवला. त्यानंतरची महाराजांची सर्वांत मोठी मोहीम दक्षिणेची. १६७७ च्या आरंभी ते भागानगरास, म्हणजे हैदराबादेस, कुतुबशहाच्या भेटीला गेले. मित्राच्या राज्यातून एवढी मोठी फौज न्यावयाची, हीच शिस्तीची खरी कसोटी होती. सभासद सांगतो की, महाराजांनी आधीच ताकीद दिली होती. जे लागेल ते विकत घ्यावे, रयतेस तोशीस लावू नये. ज्यांनी हुकूम मोडला त्यांना शिक्षा झाल्या आणि बाकीचे सावध झाले. हैदराबादच्या लोकांनी रस्ते सजवून त्यांचे स्वागत केले. पुढे जिंजी आणि वेलूर हे किल्ले हस्तगत झाले. या मोहिमेत तमिळ मुलखावर पैशाचा भार पडलाच, हे नाकारता येणार नाही. परतीच्या वाटेवर बेलवडीच्या गढीत एका वीर स्त्रीने मराठ्यांना झुंजविले. गढी पडल्यावर सखूजी गायकवाड या सरदाराने तिच्याशी दुर्वर्तन केले, तेव्हा महाराजांनी त्याचे डोळे काढवून त्यास कैदेत टाकले, असे जुने वृत्तांत सांगतात. रांझ्याच्या पाटलापासून या सरदारापर्यंत तीस वर्षांवर काळ लोटला होता. न्यायाचा काटा हललेला नव्हता.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. त्यांना उणीपुरी पन्नास वर्षे लाभली.

त्यांच्या शिस्तीचे पुढे काय झाले? औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. १७०७ पर्यंत चाललेल्या त्या युद्धात गड गेले, खजिना गेला, राजा जिंजीला जाऊन राहिला. रोख पगार देणे अशक्य झाले. माणसे टिकवून धरण्यासाठी राजाराम महाराजांच्या काळात सरदारांना वतने आणि सरंजाम देणे भाग पडले. राज्य वाचले, त्या पिढीने अतुल पराक्रम केला. पण ज्या पायावर शिस्त उभी होती, तो पाया निसटला. अठराव्या शतकात मराठी घोडी अटकेपर्यंत पोहोचली. त्या फौजांचा पगार मात्र महिनोन्‌महिने थकलेला असे. मग फौजेने मुलखावर पोट भरावे, हीच जुनी रीत परत आली. पेंढाऱ्यांच्या टोळ्या फौजेच्या मागोमाग चालू लागल्या.

याचा सर्वांत कटू अनुभव बंगालने घेतला. १७४१ ते १७५१ या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तेथे वारंवार शिरल्या. त्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती खंदक खणावा लागला. तो मराठा खंदक म्हणूनच ओळखला गेला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या हालअपेष्टांवर काव्य रचले. तेथील आया आजही लेकरांना निजविताना ज्या 'बर्गीं'चे भय दाखवितात, ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. महाराजांच्या पागेत जो शब्द पगारी, झडतीला बांधलेल्या, भाजीसुद्धा विकत घेणाऱ्या शिपायाचे नाव होता, तोच शब्द सत्तर वर्षांत परप्रांतीच्या अंगाईगीतात बागुलबुवा होऊन बसला. आम्हां मराठी माणसांना याहून मोठा धडा इतिहासाने दुसरा दिलेला नाही.

शब्द बिघडला तो माणसांची जात बदलल्यामुळे नव्हे. स्वार त्याच मुलखाचे होते, शौर्यात तिळभर उणे नव्हते. उणी पडली ती वेळेवरची वाटणी, कोठाराचा हिशेब आणि रोज फिरून चुली पाहणारा अधिकारी. आणि आणखी एक गोष्ट. महाराजांनी घालून दिलेला नियम कितीही थोर असला, तरी तो त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर आणि त्यांच्या खजिन्यावर उभा होता. राजाचा हुकूम हा प्रजेचा हक्क होण्याइतका काळ त्यास मिळाला नाही. म्हणून राजा गेला आणि खजिना आटला, तेव्हा नियमही गेला. पुण्यवान राजाची वाट पाहण्यापेक्षा पुण्यवान नियम टिकविणे कठीण असते, आणि तेच आज लोकशाहीत आपल्या सर्वांचे काम आहे.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबे सैन्यातील किंवा केंद्र सरकारच्या नोकरीमुळे या मुलखात आली; काही व्यापारानिमित्त आली, काही पिढ्यांपूर्वी मराठी फौजांबरोबर येऊन येथेच रुजली. येथील लोक आपल्याला महाराजांच्या नावाने ओळखतात आणि आदराने वागवितात. क्वचित एखाद्या वृद्ध शेजाऱ्याच्या बोलण्यात जुन्या लुटीची आठवणही डोकावते. अशा वेळी रागावून वाद घालण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही आपल्याच आहेत. त्यांपैकी कोणती पुढे चालवावयाची, हे मात्र आपल्या हाती आहे.

येत्या शिवजयंतीला मुलांनी अफजलखानाचा प्रवेश अवश्य करावा. त्याबरोबर कोणा जाणत्याने चिपळूणच्या छावणीचे ते पत्रही मुलांना समजावून सांगावे, अशी आमची मंडळाच्या चालकांना विनंती आहे. परमुलखात राहणाऱ्याने बाजारात जावे, दाम देऊन घ्यावे, आणि शेजाऱ्याच्या गंजीला आपल्या विस्तवाची झळ लागू देऊ नये, एवढे त्यातून मुलांच्या ध्यानी आले तरी उत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या हार्दिक शुभेच्छा.